घणसोलीतलं पहिलं लाइट बिल

अरे, भाडं परवडतं म्हणून साताऱ्याहून येऊन आम्ही घणसोली गावात खोली घेतली आणि पहिलंच लाइट बिल आलं साडेतीन हजार! घरात एक पंखा आणि दोन ट्यूब. बायको म्हणाली, "दर महिन्याला असंच आलं तर परत जावं लागेल." मी म्हटलं, "टेन्शन घेऊ नको. वायरमनचा पोरगा आहे मी."

खाली आमच्या घरमालकीण ताराकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. बिल बघून म्हणाल्या, "मीटर काय खोटं बोलतंय?"

"मीटर खरंच बोलतंय काकू, पण कोणाच्या घरचं ते बघू," म्हणत मी माझ्या मीटरखालचा मेन स्विच बंद केला. लगेच काकूंच्या घरातून त्यांच्या सुनेची हाक आली, "आई, एसी बंद पडला! फ्रीज पन!"

काकू ताडकन उठल्या. "म्हंजे आमी थंडीत झोपतो आनि बिल तू भरतोस? ही वायरिंग केली कोनी?"

आतून सून म्हणाली, "तुमच्या लाडक्या जावयानं!"

काकूंनी माझ्या हातातलं बिल घेतलं, घडी घालून कमरेला खोचलं आणि म्हणाल्या, "दिवाळीला येनार हाय तो. ओवाळनीच्या ताटात ठेवते."