मनकर्णा जी ओळ म्हणत नाही

(नगर. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगचा व्हरांडा. मार्च १९७३ची दुपार.)

छगन : चहा ऱ्हाऊ द्या, बाई. माज्या पोरीची पेटी आना, आमी निगतो.

विजयमालाबाई : मनकर्णाची परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय, छगनराव. आजच न्यायचं कारण?

छगन : माजी पोरगी हाय. कारन कशाला लागतं?

विजयमालाबाई : लागतं. दुष्काळ पडल्यापासून तीन मुली अशाच नेल्या आईबापांनी. दोघी खडी फोडायला बसल्यात, एकीचं लग्न उरकलं. मी इथली मॅट्रन आहे. काय ठरवून आलात ते सांगा, मग पेटी.

छगन : लगीन? अकरा वर्साची हाय ती. उलटं तुमी काय ठरवलंय, त्ये मला सांगा की.

विजयमालाबाई : आम्ही काय ठरवणार?

छगन : माजी भन भिंगारला दिलीय, बायडाबाई. परवा पोरीला भेटाय आल्ती. सांजच्याला समद्या पोरी हात जोडून देवाला बाप म्हनत हुत्या म्हनली. म्या काय मेलोय का, बाई? चांगला जिता हाय की.

विजयमालाबाई : देवाला आम्ही बापच म्हणतो. लेकराला पोटाशी धरणारा बाप. त्यात तुमची जागा कोण घेतंय?

छगन : गहू देता, दुधाची पावडर देता, अंगभर कापड देता. फुकाट कोन देतं हो या दुनियेत? आदी प्वाट भरायचं, मंग हळूच बाप बदलायचा. मला काय खुळा समजता?

विजयमालाबाई : प्रार्थनेला बसायचं सगळ्यांनी, म्हणणं ज्याच्या त्याच्या मनावर. आणि खरं सांगू? ती ओळ तुमची मुलगी म्हणतच नाही.

छगन : म्हंजी?

विजयमालाबाई : बाकी सगळी प्रार्थना घडाघडा म्हणते. देवाला बाप म्हणायचं आलं की ओठ मिटते. सात महिने झाले. साठ मुलींत ती एकटीच.

छगन : बगा. रगत हाय माजं. बाप कोन त्ये इसरली न्हाई.

विजयमालाबाई : मलाही आधी तसंच वाटलं होतं. तिलाच विचारा. मनकर्णा, ये इकडे. वडील आलेत तुझे.

छगन : ये गं माजी बाय. केवडी उंच झालीस. ह्या बाई म्हनत्यात, देवाला बाप म्हनायची ओळ तू म्हनत न्हाईस. बरं केलंस. कशापायी, त्ये सांग यान्ला.

मनकर्णा : सांगू, आबा?

छगन : सांग की. मी हाय हितं.

मनकर्णा : तू मला सोडलंस तवा म्हनलास, आईतवारी येतो. मी दर आईतवारी पायरीवर बसले. तू आला न्हाईस. बाई म्हनत्यात, देव बापावानी हाय. मंग त्यो तरी कशावरनं यील?

विजयमालाबाई : पाणी देऊ का, छगनराव?

छगन : नगं. मनू, मी आल्तो.

मनकर्णा : खोटं.

छगन : तुज्या गळ्याची आन. तीनदा आलो. दुष्काळी कामावर सुट्टी घावली की राहुरीवरनं खडीच्या टरकात बसून यायचो. फाटकापतुर.

मनकर्णा : मंग आत का न्हाई आलास?

छगन : तू अंगनात पंगतीत जेवत हुतीस. ताटात गरम चपाती हुती. घरी तुजी आय अन् मी रेशनवरच्या लाल मिलो जवारीची एक भाकर दोगांत खात हुतो. मला बगून तू गळ्यात पडली असतीस, संगं चल म्हनाली असतीस. न्यायचं कुठं तुला? झाडाआड उभा ऱ्हायलो. तुजं जेवान हुईस्तवर बगितलं, अन् मागं फिरलो.

मनकर्णा : मला दिसला न्हाईस तू.

छगन : दिसायचंच नव्हतं.

मनकर्णा : मी लई रडायची, आबा.

छगन : ठावं हाय. त्येबी बगितलंय.

विजयमालाबाई : मग आज आत कसे आलात?

छगन : दुसऱ्याला बाप म्हनतीय असं बायडीनं सांगितलं. त्या रागात फाटक कवा लोटलं, कळलंबी न्हाई.

विजयमालाबाई : पेटी आणू?

छगन : ऱ्हाऊ द्या. परीक्षा हुंद्या तिची. घरी अजून तीच एक भाकर हाय.

मनकर्णा : बाई, मंग त्यो देवबी असाच झाडाआड उभा आसंल का?

विजयमालाबाई : मला कधी दिसला नाही, बाळ. आहे असं धरून मी रोज बोलते त्याच्याशी.

मनकर्णा : आबा, तुला काय वाटतं?

छगन : यांचा देव मला ठावा न्हाई, अन् माजा त्येच्यावर भरवसाबी न्हाई. पर हाक मारून बग. मला मारली असतीस, तर मी काय झाडाआड ऱ्हायलो असतो व्हय?