शांत गाडीत पप्पा बोलतात

...आणि परत तेच! ‘भावा, वूफर केवढा टाकायचा?’ अहो, वूफर टाकायचाच नाहीये मला! तुम्हाला सांगतो, काळेवाडीत गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या त्या सुरजला मी घसा कोरडा करून समजावतोय की मला गाडीतला आवाज वाढवायचा नाही, कमी करायचाय, आणि तो माझ्याकडे असा बघतोय, जणू मी हॉटेलात जाऊन रिकामं ताट मागितलंय! त्याच्या मते दाराच्या आत ती रबरी शीट चिकटवतात ती गाणी लावल्यावर पत्रा थरथरू नये म्हणून. मी म्हटलं, सुरजभाऊ, शांतता हा प्रत्येकाचा हक्क आहे. तर म्हणतो, ‘हाये ना राव हक्क. पण छोटासा तरी वूफर?’

आता हसू नका. परदेशात मी हेच शिकलो, गाडीच्या आतला आवाज कसा मारायचा. तिकडे थांब म्हणत होते, मी परत आलो. का? तर महागड्या गाडीतल्या माणसाला शेजारच्याची कुजबुज ऐकू येते, आणि आमच्या गाडीत ‘पाण्याची बाटली दे’ म्हणायला आरोळी ठोकावी लागते, हा काय न्याय झाला? त्यात आमचे पप्पा चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला. म्हणजे डोंगराएवढी मशीन धाडकन पत्र्यावर पडते आणि गाडीचं दार तयार होतं. सगळी नोकरी त्या धाड-धाडमध्ये गेली. मी ठरवलं, निदान रिटायर झाल्यावर तरी या माणसाला शांतता मिळाली पाहिजे!

मग काय, रहाटणीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये दारं उघडली, आतलं प्लास्टिक काढलं, पत्रा पुसला, काळी चिकट शीट लावली, रोलर फिरवून दाबली, वरून फोम. गालिच्याखाली तेच, मागच्या चाकांच्या वर तेच. आधी दारावर बोट मारलं की टण्ण, रिकामा डबा! आता थप. भरल्या पोत्यावर थाप मारावी तशी. मम्मी वरून ओरडली, ‘पत्र्याला स्वेटर घालतोयस काय रे?’

पण फरक? काय सांगू! काँक्रीटच्या रोडवर टायरचं ते सतत हूंऽऽ असतं ना, ते गायब! मम्मीच्या बांगड्या ऐकू यायला लागल्या. ती दचकून म्हणाली, ‘बंद पडली का रे गाडी?’ आणि पप्पा? पप्पा म्हणाले, ‘काय फरक पडला? तेवढाच आवाज येतोय की.’ मला वाटलं, टोमणा मारतायत.

तिथंच चुकलं!

कारण पुढच्या रविवारी मिनलताईचं ठरायचं होतं. माझी मोठी बहीण. तिला तिच्याच कंपनीतला कुरुळीचा मुलगा आवडलाय. मुलाला वडील नाहीत, त्यामुळे सगळं त्याच्या ज्ञानदेवकाकांच्या हातात. काका हो म्हणाले तर लग्न, नाहीतर ताई आयुष्यभर आमच्या डोक्यावर. मान म्हणून काकांना आम्हीच गाडीतून घरी आणायचं ठरलं. ताईने मला बजावलं, ‘ए संघर्ष, काकांना नीट आण. आणि तुझं ते हक्काचं भाषण देऊ नकोस.’

कुरुळीला पोचलो, जय भीम झालं, काकांना मानाने पुढे बसवलं. पप्पा-मम्मी मागे. मी चालवतोय, गाडी मखमलीसारखी... आणि इथे तुम्हाला प्रेस शॉपची रीत माहीत पाहिजे. तिथे मशीन चालू असली की दोन पावलांवर उभ्या सुपरवायझरला हसत हसत काहीही बोलायचं. त्याला वाटतं, नमस्कार करतोय. तोही मान हलवतो! पप्पांनी जन्मभर हेच केलं. आवाज चालू म्हणजे तोंड मोकळं.

मोशी यायच्या आत, माझ्या त्या मखमली शांततेत, मागून पप्पा खणखणीत आवाजात: ‘कस्तुरा, बघितली का मिशी? रंगवायला बसला आणि गालच रंगवला की गं यानं!’

मी गार! मम्मी ‘अहो, अहो’ करतेय. ‘आणि किती बोलतो! आपला कुकर बरा, शिट्ट्या झाल्या की गप तरी बसतो.’

मी रेडिओचं बटण दाबलं. कसला रेडिओ? स्पीकरच्या वायरी मीच काढून ठेवलेल्या, जोडायच्या राहिल्या! हॉर्न मारला, तर तोही आत असा ऐकू आला, जसं शेजारच्या गल्लीत कुणी शिंकलंय. इतकं चांगलं काम! मागून चालूच, ‘पोरगं सोन्यासारखं आहे गं, पण ह्याला सांभाळायचं म्हणजे...’

काका समोर बघतायत. गाल लाल, म्हणजे जिथे काळा नव्हता तिथे. मग मला म्हणाले, ‘बाप आगाऊ आहे रे तुझा.’ चांगलं मोठ्याने! मी आरशात बघितलं. पप्पा खिडकीबाहेर बघून छान हसत होते.

काकांनीही मागे वळून बघितलं. ‘नागसेनभाऊ!’ काही नाही. परत हाक. काही नाही. मम्मी हळूच म्हणाली, ‘त्यांच्या कानात सारखं मशीन चालूच असतं हो भाऊ. बंद होत न्हाई.’

बघा. मी कुणासाठी पत्रा गुंडाळत बसलो होतो? शांतता हा प्रत्येकाचा हक्क आहे, हो! पण पप्पांच्या कानात शीट कुठून चिकटवू?

‘मी फोर्जिंगला होतो, घणाच्या मशीनवर,’ काका म्हणाले. ‘माझा एक कान तसाच आहे.’ आणि त्यांनी आपल्या बाजूची काच सर्रकन खाली केली. कंटेनर, टेम्पो, धूळ, सगळं आत! मी म्हटलं, काका, अहो... ते म्हणाले, ‘असू दे. आता मला काही ऐकू येत नाही, बोलू दे त्याला मोकळं. व्याही झाला म्हणून किती दिवस गप बसेल?’

ठरलं हो लग्न! ताई खूश, मम्मी खूश, पप्पांना तर वाटतंय आपण कसे शहाण्यासारखे गप्प बसलो. आणि परवा काकांचा निरोप आला, ‘नवरीला न्यायला तुझीच गाडी घेऊ. फक्त त्या काचा तेवढ्या घरी काढून ठेव.’

ठेवतो म्हणालो. काय करता!