गोदूबाईच्या घरात वारं येत नाय!

…नाय, पण मी म्हणतो, त्या साहेबाला जरा सरळ विचारायला काय झालं होतं? तुम्हाला सांगतो, गोदूबाईचं घर धरमतरच्या खाडीच्या अगदी तोंडावर, कुडाच्या भिंती, वर भाताचा पेंढा, आणि वारा असा की चुलीत काडी पेटवायची तर चौघांनी आडोसा धरायचा! नवरा दिनानाथ, सारा जन्म मिठागरात गेलेला, छाती पार कामातून गेली होती. तो त्या वाऱ्यावरच जगत होता हो! दारात बाज टाकायची, खाडीकडे तोंड करून निजवायचं, की त्याला श्वास घेता यायचा.

आणि ब्याण्णव साली आली योजना! घरं सुधारा, उन्हाळ्यात थंड राहू द्या, वीज कमी जाळा, आणि गरिबाला आधी! वा! घर हवेशीर असेल तर जागेवरच डागडुजी, कोंदट असेल तर पाडायचं आणि वडखळच्या रस्त्याला सिमेंटच्या पत्र्याची खोली. गोदूबाई खूश. पेंढा नवा मिळणार, कुड नवा मिळणार! साहेब पेणहून आले, नाकाला रुमाल, उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "बाई, घरात वारं येतं का?"

आता बोला! आमच्याकडे वारं येतं ते अंगात! परका माणूस, चारचौघांत, भर दुपारी असलं विचारतो? गोदूबाई कडाडली, "नाय नाय साहेब! आमच्या घरात कुनाला वारं येत नाय! सासूच्या येळेपासून नाय!" आणि हे बोलताना दोन्ही हातांनी पदर धरलेला, नायतर तो उडून जात होता! साहेबांचा रुमाल तर गेलाच खाडीत! तरी साहेब म्हणाले, "कोंदट." सांगा, यात गोदूबाईचं काय चुकलं?

तिकडे मिठागराचे मालक हर्षदशेठ, स्लॅबचा बंगला. "वारं येतं का?" "येतं ना, पाच पंखे आहेत!" झालं, हवेशीर! त्यांच्या गच्चीला थंडाव्याचा चुना सरकारतर्फे! गरिबाला आधी, आणि शेठला त्याच्याही आधी!

मग कुणीतरी गोदूबाईला उलगडून सांगितलं. धावत गेली हो बिचारी पेणला. "साहेब, मला वाटलं तुमी देवाचं वारं इचारताव! आमचा मानूस त्या वाऱ्यावर हाय, घर पाडू नका!" साहेब हसले. पोट धरून हसले. "अरे वा, घरी सांगतो हे!" म्हणाले. आणि आठवड्यात घर पाडलं. यात गोदूबाईचं काय चुकलं, सांगा ना!

चैत्रात मी गेलो होतो त्या खोलीवर. पत्रा नुसता तापलेला, दिनानाथ घामाने निथळतोय, तोंड माशासारखं उघडं. "गो, दार उघड." "उघडंच हाय वो." गोदूबाई सुपानं वारा घालतेय, घालतेय, दंड भरून आला तरी थांबत नाय. तर तोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे गो… हात दुकला आसंल तुजा." तिनं सूप बदलून दुसऱ्या हातात घेतलं, तेवढ्यात गेला. खोटं कशाला सांगू, मला तिथं उभं राहवेना.

आता येता-जाता लोक विचारतात, "काय गोदूबाई, कसं काय सरकारी घर?"

"बरं हाय," म्हणते. "पक्कं हाय. मानूस टिकत नाय, तेवढंच."