चौदा खोल्या, नऊ पावलं

—नाही, तिथे नाही. जिन्याखालचं कपाट सोडून दुसरी कुठलीही जागा सांग. कोरडं आहे, थंड आहे, घराच्या बरोबर मधोमध आहे, सगळ्या तारा तिथे आणायला सोप्या — मान्य, मिस्त्री, सगळं मान्य, पण त्यात माझे मरणाचे कपडे आहेत, पुरताना अंगावर घालायचे. हसू नकोस. काळा स्कर्ट, नवे मोजे, एकदाही बाहेर न घातलेले बूट, मेणबत्त्या, टॉवेल — सगळं इस्त्री करून. दर ईस्टरला घालून बघते, पोट सुटलंय का ते. तुझ्या क्रागुयेवाच शहराकडच्या बायका असं ठेवत नसतील, पण आमच्या इकडे साठी उलटली की हे पहिलं काम. आणि तू म्हणतोस तिथे टीव्ही-स्पीकरची यंत्रं ठेवायची, दिवसरात्र लाल-हिरवे दिवे लुकलुकणार, वर पंखा घरघरणार — म्हणजे माझ्या मोज्यांना शांतता म्हणून नाही. बरं, बस आधी. कॉफी घे. त्या सोफ्यावर बस की, प्लॅस्टिक कशाला काढतोस? ते तीस वर्षं निघालेलं नाही, तुझ्यासाठी निघणार आहे होय? जरा घसरतं, पाय रोवून बस.

हा बघ नकाशा. तू मीटर लावून मोजत बसशील, त्याच्या आधीच हे काम झालंय — चौऱ्याण्णव साली, व्हिएन्नातल्या एका खाटकाच्या कॅलेंडरच्या पाठीवर. माझ्या नवऱ्याने काढलाय, पाउनने. पाउन म्हणजे मोर, ठाऊक आहेच तुला. नाव ठेवणाऱ्याने विचार करून ठेवलं असणार. तेहेतीस वर्षं आम्ही तिकडे, तो बांधकामावर आणि मी ऑफिसं पुसायला, आणि दर ऑगस्टला गाडी भरून इकडे — एका ऑगस्टला खालचा मजला, एका ऑगस्टला जिना, एका ऑगस्टला नुसते दोन सिंह, ते गेटवरचे. शेजारच्या मिलुटिनने दोन मजले काढले म्हणून ह्याने तीन काढले. मिलुटिनने बाल्कनीला खांब लावले, तर ह्याने कोंबड्यांच्या खुराड्याला पण लावले. चौदा खोल्या, मिस्त्री! माणसं किती? दोन. आणि एक मुलगा, जो व्हिएन्नात जन्मला आणि ऑगस्ट म्हटलं की ज्याला ताप यायचा. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय. पण हे बघ, हे गोल. प्रत्येक खोलीत दोन गोल — ते स्पीकर. हा चौकोन म्हणजे टीव्ही. आणि प्रत्येक खोलीतून एक रेघ निघते आणि ह्या मोठ्या चौकोनात येते — जिन्याखाली. हो, तिथेच. तू आज जे म्हणालास ते तो तीस वर्षांपूर्वी म्हणाला होता, फक्त तेव्हा माझे मरणाचे कपडे नव्हते.

आणि नुसता कागद नाही बरं का. गिलावा करायच्या आधी त्याने भिंतींत पाइप घातलेत, रिकामे, प्रत्येकात एक नायलॉनची दोरी सोडून — म्हणजे पुढे कधी तार ओढायची तर भिंत फोडायला नको. ती दोरी अजून हलते, ओढून बघ. 'स्तानो,' म्हणायचा, 'एका जागी तबकडीवर सुई ठेवायची आणि अख्ख्या घरात कोलो वाजणार, संडासात पण!' मी म्हणायचे, संडासात नाचायचं कुणी? तर म्हणायचा, 'पाहुणे!' मेला — बघ, परत. चाळीस वर्षं त्याला उठता-बसता 'मेला' म्हणत आले, कुणी काही म्हणालं नाही. आता खरंच मेलाय तर शिवीची मजाच गेली. येत्या ऑक्टोबरात तीन वर्षं होतील.

बिनतारी? काय बिनतारी? म्हणजे भिंतीत पाइप आहेत, पाइपात दोरी आहे, आणि तू म्हणतोस तार नकोच? नको बाबा. बिनतारी गोष्टीवर माझा विश्वास नाही. माझा मुलगा बिनतारीच आहे. रविवारी फोनवर दिसतो, ओठ हलतात, आवाज मागून येतो, आणि नेमकं 'कधी येतोस' विचारलं की चेहरा थिजतो. तारच पाहिजे. जाड. तोच म्हणत होता परवा, 'आई, त्या घरात कुणी राहत नाही, तार कुणासाठी?' आता ह्याला काय सांगू? जन्मला आम्हा व्लाख लोकांच्या पोटी आणि डोकं ऑस्ट्रियन.

तुला पण सांगायला लागेल, तू बाहेरचा. ऐक. आमच्यात माणूस मेलं की त्याला तिकडे काही नसतं. काहीच नाही, अंधार आणि भूक. मग आपण इकडून पाठवायचं. कसं पाठवायचं? चाळीस दिवसांनी जेवण घालायचं, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाला, असं सात वर्षं. आणि त्या जेवणाला जे त्याला हवं असेल ते एखाद्या जिवंत माणसाच्या हातात द्यायचं, बाई गेली तर बाईच्या, पुरुष गेला तर पुरुषाच्या, साधारण त्याच वयाच्या. द्यायचं आणि मोठ्याने म्हणायचं, 'हे पाउनसमोर असो.' घेणाऱ्याने म्हणायचं, 'देव त्याला क्षमा करो.' झालं, पोचलं. वस्तू इकडे हा वापरतो, तिकडे तो वापरतो. पण जसं दिलं तसंच पोचतं बरं का — पेला फुटका दिलास तर तिकडे फुटकाच. पाद्रीबाबा म्हणतात, थोतांड आहे सगळं. आणि जेवायला पहिले तेच बसतात.

तर मी चाळिसाव्याला टीव्ही दिला. वरच्या खोलीतला, मोठा. मिलुटिनला दिला, दुसरा कोण आहे त्या वयाचा, बाकीचे सगळे गेले. सगळं रीतसर झालं, मेणबत्ती, धूप, डुकराचं भाजलेलं पिल्लू, बँड — मेलेल्यासाठी पण नाच असतो आमच्यात, तोंड वासू नकोस. आणि चारच दिवसांत पाउन स्वप्नात. पायजम्यात. उभा राहतो आणि म्हणतो, 'स्तानो, बल्गेरियाचं हवामान!' मी म्हटलं, काय बल्गेरियाचं हवामान? तर म्हणे, 'तेच लागलंय. दिवसभर. चॅनल बदलत नाही.' मी उठून बसले. अगं बाई, म्हटलं — रिमोट! टीव्ही दिला आणि रिमोट द्यायचा राहिला. इकडे मिलुटिन कुबडी घेऊन उठतो, काठीने बटण दाबतो. त्याचं एक ठीक आहे. पण तिकडे ह्याच्याकडे काठी कुठे? काठी दिलीच नव्हती.

विसरले होते का? … मिस्त्री, तू फार प्रश्न विचारतोस, मोजायला आलायस का तपासायला? नाही विसरले. ॲप्रनच्या खिशात होता. हा काय, आत्ताही आहे. जेवण चालू होतं तेव्हा हात खिशात घालून धरला होता. चाळीस वर्षं तो त्याच्या हातात होता, रे! मी दोन वेळचं रांधणार, भांडी घासून येऊन टेकणार, आणि नेमका माझ्या मालिकेत नवरदेव चर्चच्या पायरीवर आला की ह्याचा फुटबॉल. तेव्हा ठरवलं, आता नाही. तू तुझं हवामान बघ. आता मात्र वाटतं, पुरे झालं. तीन वर्षं बल्गेरियाचं हवामान म्हणजे नरकात पण एवढं देत नसतील.

म्हणून हे सगळं. कळलं का आता, तार कुणासाठी? तिसऱ्या वर्षाच्या जेवणाला सगळंच देऊन टाकणार — चौदा खोल्या, चौदा पडदे, अठ्ठावीस स्पीकर, मधलं कपाट, रिमोटसकट. आणि सेलसकट! मिलुटिनला सकाळी आणायचं, प्रत्येक खोलीत पाच मिनिटं बसवायचं, प्लॅस्टिकवर, संडासात पण. कोलो लावायचा. 'हे पाउनसमोर असो' म्हणायचं आणि संध्याकाळी त्याला घरी पाठवायचं. एक दिवस वापरलं तरी पोचतं, असं मी ठरवलंय. मिलुटिन म्हणाला, 'मधे एक पेला राकिया असेल तर वापरतो.' तेव्हा तुला एवढंच सांगणं, जोड नीट कर. इकडे खरखर झाली तर तिकडे खरखर, आणि मग स्वप्नात शिव्या मला खाव्या लागणार, तुला नाही.

हां, आता एक राहिलं. कागद इकडे फिरव. ह्या चौदा खोल्या दिसल्या? आता मला सांग, ह्यात मागचं स्वयंपाकघर कुठे आहे? अंगणापलीकडचं, पत्र्याचं, जिथून मी आत्ता कॉफी आणली — शोध. नाही सापडणार. नाहीच आहे! आम्ही राहायचो तिथे, मिस्त्री. म्हणजे खरंखुरं राहायचो. पलंग तिथे, शेगडी तिथे, टीव्ही तिथे. मोठं घर खराब व्हायला नको म्हणून. पाहुण्यांना दाखवायला इकडे यायचं, चपला काढून, आणि ते गेले की परत पत्र्याखाली. सगळं गाव असंच राहतं. त्या मिलुटिनचे दोन मजले आणि तो झोपतो गॅरेजमध्ये. आणि माझ्या ह्या मोराने अख्ख्या घराचा नकाशा काढला, कोंबड्यांपर्यंत एक रेघ नेली — ही बघ, खरंच आहे — आणि जिथे दोन माणसं जगत होती तिथे एक गोल काढला नाही. विचारलं तर म्हणाला, 'ते तात्पुरतं आहे.' तीस वर्षं तात्पुरतं!

तिथे पाइप नाही, म्हणून तुला अंगणात चर खणावा लागेल. नऊ पावलं आहेत, मी मोजलीयत. आणि ती तार नुसती आवाज नेणारी नको, दोन्हीकडून बोलता येईल अशी पाहिजे. वर कोपऱ्यातल्या खोलीत कुणी बोललं की स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे. स्वच्छ. तिथे टीव्ही चालू असेल तर तो आपोआप बंद होऊन. असं होतं ना? होतं, तू मघाशी म्हणालास. मला ठाऊक आहे ना, मी तिकडे गेले की तिकडेही त्याच्याकडे चौदा खोल्या असणार आणि माझी जागा अंगणापलीकडेच असणार, तेव्हा तिथपर्यंत तार—

काय म्हणालास?

नऊ पावलांवरून साधी हाक ऐकू येते, तार कशाला?

… येते. बरोबर आहे तुझं. खिडकी उघडी असली की येते, बंद असली तरी येते. पत्राच तो.

कॉफी थंड झाली तुझी. असू दे, बस. त्याच्या शेवटच्या सप्टेंबरात तो इकडे, ह्या मोठ्या घरात, राहायला आला होता. एकटाच. म्हणाला, 'मरायच्या आधी एकदा माझ्या घरात राहणार.' मी म्हटलं, राहा. चौदा खोल्यांची धूळ कोण पुसणार? तेहेतीस वर्षं मी लोकांचे जिने पुसले, आता गुडघे नाहीत. मग उशी घेऊन गेला वर, कोपऱ्यातल्या खोलीत, आणि मी पत्र्याखाली राहिले. दोन्ही टीव्ही एकाच मेकचे, आणि रिमोट चालू असलेला एकच — तो मी ठेवला. मग काय, रोज वरून हाक. 'स्तानो! रिमोट!' मी जायचे नाही. ये की खाली, म्हणायचे मनात, तू ये. महिनाभर हा खेळ चालला होता. मजा येत होती मला, खोटं कशाला बोलू.

तो रविवार होता, दुपारचे चार वाजले असतील. मी मिरच्या भाजून सोलत होते, हिवाळ्यासाठी, हात कोपरापर्यंत लाल, मालिका लागली होती. वरून हाक आली, 'स्तानो!' नेहमीसारखीच. मग दुसरी आली. ती — ती तशी नव्हती, मिस्त्री. त्यात रिमोट नव्हता. मला कळलं. मला तेव्हाच कळलं, आणि मी म्हटलं, नाटकं करतोय. आणि त्या मिरच्यांच्या हाताने आवाज वाढवला. पडद्यावर हिरव्या रेघा येतात ना? चार रेघा.

मिरच्या संपल्यावर गेले वर. कॉफी घेऊन गेले होते, दोन कप. आणि रिमोट. म्हटलं, चल, पुरे झालं भांडण.

डॉक्टर म्हणाला, तू धावत गेली असतीस तरी काही झालं नसतं. डॉक्टरला काय, तो त्याचं बिल करून गेला. मुलाला सांगितलंय, झोपेत गेला म्हणून. मिलुटिनला पण तेच. स्वप्नात येतो तेव्हा तो हे कधी काढत नाही बघ. हवामानाचं बोलतो, रिमोटचं बोलतो, हे नाही. एकदा विचारलं असतंस मेल्या, तर मी सांगितलं असतं. तुला कशाला सांगितलं, मिस्त्री, कोण जाणे. तू चार तारा जोडायला आलेला माणूस, तुझं डोकं कशाला पिकवलं मी.

उठ. असा बघू नकोस माझ्याकडे, तुझं काम पडलंय. यंत्रं ठेव जिन्याखाली, तो म्हणाला होता तिथेच. माझे कपडे मी नेते स्वयंपाकघरात, तसेही तिथेच लागतील. मी मागे जाते, रात्रीच्या सुपाची भाजी चिरायचीय. टीव्ही लावणार नाही. तू वर जा, मोजायला कोपऱ्यातल्या खोलीपासून सुरुवात कर. शिडी लागली, पाणी लागलं, काही लागलं तर हाक मार. एकदाच मार. मी येते.