‘चला’ आधी कोण म्हणालं?

आजच्या समारंभाच्या माननीय अध्यक्षा, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे माजी संचालक, ज्यांना मी घरातल्या सवयीनं नुसतं ‘सर’ म्हणणार आहे, आरोग्य खात्यातून वेळ काढून आलेले अधिकारी, वहिनीचे सहकारी, विद्यार्थी, आणि समोर बसलेल्या सर्व मान्यवर मंडळींना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच दोन गोष्टी कबूल करते. मी चौथीच्या वर्गाची शिक्षिका आहे, त्यामुळे मागच्या रांगेत कुजबुज झाली तर माझं लक्ष लगेच तिकडे जातं. आणि दुसरं, ज्यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या तुमच्यासाठी थोर संशोधक असतील, पण माझी ती वहिनी आहे. गेली तीस-बत्तीस वर्षं मी तिला अगं-तुगं करते आहे. आज हार-तुरे घातलेत म्हणून अचानक अहो-जाहो करायला लागले तर तीच मला हसेल.

लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा तिचं संशोधन सुरू होतं. आमच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर आमचं घर. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं, “सूनबाई, सामाजिक लोकसंख्याशास्त्र म्हणजे नक्की काय करतेस तू?”

ती म्हणाली, “कुठली माणसं लवकर मरतात, आणि का, ते शोधते.”

अण्णांनी डोळ्यावरचं भिंग काढून तिच्याकडे नीट पाहिलं. “आणि सापडलं की?”

“की मग ती जरा उशिरा मरतील अशी खटपट करायची.”

अण्णांना हे उत्तर पटलं असावं. कारण त्या दिवसापासून ती संध्याकाळी जिना चढायला लागली की ते दुकानातूनच विचारायचे, “काय, आज किती गेले?” शेजारपाजारचे दचकायचे. वहिनी हसायची.

तिचं सुरुवातीचं काम वस्त्यांचं होतं. कारखान्यांच्या पलीकडे राहणारा माणूस आणि बागेच्या कडेला राहणारा माणूस यांच्या आयुष्यात किती वर्षांचं अंतर पडतं, हे ती शोधत होती. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे जायचं आणि शेवटच्या आजारपणाची हकिगत विचारायची. असं एकट्यानं परक्याच्या दारात उभं राहणं सोपं नसतं, म्हणून शाळेला सुट्टी लागली की मी सोबत जायची.

त्यातलं एक घर मला कायमचं लक्षात राहिलं. एका सुताराचं. अंगणात लाकडाचा भुसा, भिंतीला टेकवलेल्या दाराच्या चौकटी. एकाच वर्षात त्याचे वडील गेले आणि पाठोपाठ आई. वडिलांचं त्यानं भडाभडा सांगितलं. “छातीत कळ आली म्हणाले, तशी मी हातातला रंधा टाकला. आई तर अनवाणीच गाडी बघायला पळाली. आम्ही प्रयत्नांची शर्थ केली, बाई.”

“आणि आईचं?” वहिनीनं विचारलं.

“आईचा जबडा दुखत होता. पाठ भरून आली म्हणत होती. आम्हाला वाटलं, दाताचं असेल. मग ती म्हणाली, सगळ्यांची जेवणं होऊ देत, मग बघू.” हातातली घडीची मोजपट्टी त्यानं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग म्हणाला, “बाई, दोघांचं असं पाठोपाठ विचारू नका. आईवर आमचा कमी जीव नव्हता हो.”

वहिनी म्हणाली, “माहीत आहे मला. म्हणूनच विचारते आहे.”

त्या रात्री जेवताना ती म्हणाली, “आपण दोन वस्त्यांची तुलना करतोय. पण एकाच घरात, एकाच छपराखाली, मरणाच्या दोन तऱ्हा आहेत.”

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला. ‘चला दवाखान्यात’, हे सगळ्यात आधी कोण म्हणालं?

सर, तुम्ही हसताय, कारण पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सरांनी तो प्रश्न खोडला. रागानं नाही, अगदी समजुतीनं. म्हणाले, “अहो, आपल्या अभ्यासात घर हे सगळ्यात लहान एकक आहे. घराच्या आत कुठे शिरता?”

आमची वहिनी म्हणाली, “सर, माणसं घराच्या आतच आजारी पडतात.”

सरांचा मोठेपणा असा, की त्यांनी खोडलेला प्रश्न स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिला. किती वरिष्ठ असं करतात? हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

मग उत्तरं आली. पुरुष आजारी पडला तर ‘चला’ म्हणणारी बहुतेक वेळा बायको असायची, नाहीतर सून, नाहीतर मुलगी. बाई आजारी पडली तर तिचं तिनंच म्हणायचं, आणि ती ते म्हणायची सगळ्यात शेवटी. हे गरीब वस्तीत होतं तसंच बागेच्या कडेलाही होतं. एका नामांकित डॉक्टरांनी सभेत आक्षेप घेतला की बायकांच्या हृदयविकाराची लक्षणंच फसवी असतात, उशीर होणारच. आक्षेप वाजवी होता. वहिनीनं वाद घातला नाही. पडून खुबा मोडल्यावर दगावलेल्या म्हाताऱ्या माणसांची माहिती तिनं काढली. मोडलेलं हाड काही फसवत नाही. तिथेही आजोबा त्याच दिवशी दवाखान्यात, आणि आजी ‘मुका मार असेल’ म्हणत अंथरुणात. ते डॉक्टर नंतर तिच्या प्रत्येक व्याख्यानाला येऊन पहिल्या रांगेत बसायचे.

आता मी जे सांगणार आहे, ते वहिनीला आवडणार नाही. पण माईक माझ्या हातात आहे.

मोठा अहवाल पूर्ण करायची घाई चालली होती. एका रविवारी दुपारी ताटं वाढलेली, दादा, म्हणजे माझा भाऊ, कामासाठी परगावी, आणि अण्णा भाताला हात न लावता वहिनीकडे बघत बसलेले. म्हणाले, “तू जिन्यात मध्येच थांबतेस. कधीपासून?”

“थकवा आहे, अण्णा. वय झालं आता.”

“वय माझं झालंय. मी थांबत नाही. तू दोनदा थांबतेस. मला खाली दुकानात ऐकू येतं.”

“अहवाल जाऊ दे, मग दाखवू कुणाला तरी.”

अण्णा उठले. हात धुतले, चपला घातल्या आणि दारात जाऊन उभे राहिले. “चला.”

“अण्णा, जेवण तरी...”

“जेवण आल्यावर. मी सासरा आहे, तुझ्या अभ्यासात सासऱ्यांनी काय काय केलं नाही ते मी वाचलंय. चला म्हणतोय ना.”

रुग्णालयाच्या खिडकीवर मी आणि वहिनी उभ्या. आतल्या माणसानं विचारलं, “सोबत पुरुषमाणूस कोण आहे?” मी म्हटलं, मी नणंद आहे. तो म्हणाला, सहीला घरचा पुरुष लागेल. वहिनीला धाप लागलेली, तरी ती त्याला शांतपणे विचारत होती की हा नियम लेखी आहे का. तेवढ्यात गाडीवाल्याचे पैसे देऊन अण्णा पोचले. सही केली आणि म्हणाले, “सही माझी घ्या, पण काय होतंय ते तिलाच विचारा.”

हृदयाची एक झडप अरुंद होत आली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर... शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसून काढलेली ती दुपार मी इथे सांगत बसत नाही.

चार दिवसांनी सर भेटायला आले. वहिनीच्या उशाशी तिचा अहवाल. ती म्हणाली, “सर, माझी हकिगत यात घालायला हवी.”

सर म्हणाले, “घालता येणार नाही. आपला अभ्यास मृतांचा आहे. तुम्ही जिवंत आहात, तुम्ही आमच्या नमुन्यात बसत नाही.”

सगळे हसले. वहिनी हसली नाही. छातीवर टाके, आवाज निघत नव्हता, तरी ती म्हणाली, “मग नमुनाच अपुरा आहे, सर. आपण मेलेल्यांच्याच घरी गेलो. वाचलेल्यांना कुठे विचारलं, कशा वाचल्या?”

तुम्ही ज्या कामामुळे तिला ओळखता, ज्याचे दाखले आज अध्यक्षांनी दिले, ते काम त्या खाटेवर सुरू झालं. बरी झाल्यावर ती वाचलेल्या बायकांकडे गेली. आणि बहुतेक प्रत्येकीच्या गोष्टीत कुणीतरी एक माणूस सापडलं. सून, बहीण, शेजारीण, कधी दीर, ज्यानं तिच्या आधी ‘चला’ म्हटलं होतं आणि ‘नंतर बघू’ ऐकून घेतलं नव्हतं. त्याच बायकांनी खिडकीवरच्या सहीचंही सांगितलं. एकीला नाही, कितीतरी जणींना परत पाठवलेलं होतं. वहिनीनं ते सगळं आरोग्य खात्यापुढे मांडलं, एकदा नाही, वर्षानुवर्षं. आज आलेल्या अधिकारी साहेबांनी तिला किती वेळा ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हटलं, ते मी विचारत नाही. शेवटी घरच्या पुरुषाच्या सहीची अट रद्द करणारा आदेश काढला तोही त्यांनीच, हे मी आदरानं नमूद करते.

अण्णा आता नाहीत. भरपूर जगले, झोपेत गेले. तो आदेश त्यांच्या हयातीत निघाला नाही, एवढीच एक रुखरुख.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारणीच्या पाठीत दुखायला लागलं, म्हणून मी तिला त्याच रुग्णालयात घेऊन गेले. खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं मान वर केली आणि शेजारणीला विचारलं, “काय होतंय, काकू? कधीपासून?” बस्स. सोबत कोण, सही कुणाची, काही नाही. शेजारीण पाच मिनिटांत आत.

घरी आले तर वहिनी भाजी चिरत होती. मी सगळं सांगितलं. ती नुसतं “हं” म्हणाली. मग सुरी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि समोर येऊन बसली.

“परत सांग,” म्हणाली. “काय विचारलं त्या मुलीनं?”

मी परत सांगितलं. तिनं आणखी एकदा सांगायला लावलं.

आयोजकांनी मला, घरच्या माणसाला, इथे बोलू दिलं, त्यांचे मनापासून आभार. दिलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले, मोठ्यांची थट्टा केली आणि वहिनीला न विचारता घरचं चव्हाट्यावर आणलं. या सगळ्याबद्दल आपण मला माफ कराल. वहिनीची माफी मी घरी जाऊन मागेन. नमस्कार.