दोन महिन्यांचा फरक

कोथरूडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर दोन म्हातारे डोळ्यांत औषध घालून, पापण्या मिटून बसले होते. सिस्टरने नावं पुकारली, तेवढीच त्यांची ओळख.

“म्हणजे आपणही अकाउंट्सवालेच. बी.कॉम. कधीचे, कुंटे?”

“एकोणसत्तर. तुम्ही, जगदाळे?”

“बहात्तर. वय?”

“सत्त्याहत्तर.”

“पूर्ण की चालू?”

“मी वय एकतीस मार्चचं सांगतो. अधलंमधलं सांगत नाही.”

“योग्य आहे. माझी पंचाहत्तरी मुलांनी फेब्रुवारीत उरकली. म्हटलं, अरे, वर्ष तरी बंद होऊ द्या.”

“ऐकत नाहीत.”

“वहिनीही हिशेबातल्याच का?”

“माझ्याच वर्गातली. निकाल एकाच दिवशी पाहिला आम्ही.”

“त्यांचं वय?”

“बहात्तर.”

“मग मेळ बसत नाही, कुंटे. एकोणसत्तर साली त्या सोळा वर्षांच्या होतात.”

“बसतो.”

“सोळाव्या वर्षी बी.कॉम.?”

“एकविसाव्या. ती माझ्याहून दोन महिन्यांनी लहान.”

“अहो, सत्त्याहत्तरातून बहात्तर गेले की पाच वर्षं उरतात. दोन महिने कुठून आणलेत?”

“ते लग्नाच्या वेळचे.”

जगदाळ्यांनी डोळे उघडले.

“आजोबा, डोळे मिटा बघू,” सिस्टर म्हणाली.

त्यांनी मिटले.

“वहिनींना जाऊन पाच वर्षं झाली तर.”

“येत्या एकतीस मार्चला सहा होतील.”