नाल्याकाठची घोणस

तुम्ही म्हणता ना, पोरांना वर्गाबाहेर न्या? अहो, नेलं होतं! पातूरजवळच्या आमच्या शाळेतली तिसरीची पोरं घेऊन मी नाल्याकाठी पानं गोळा करायला गेले होते. समीक्षा पळसाखाली उकिडवी बसलेली आणि तिच्या पायापासून वीतभर अंतरावर घोणस, कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती.

"समीक्षा, हलू नको!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

शेजारच्या शेतात तिची आई निंदण करत होती. हातातलं टाकून ती धावत आली. मी तिचा दंड घट्ट धरला.

"सोडा मले म्याडम, पोरगी हाये माही!"

"ताई, तुम्ही धावलात तर ती डसेल."

तिची नखं माझ्या मनगटात रुतली. समीक्षा हूं की चूं न करता बसून राहिली. घोणस हळूहळू गवतात सरकून गेली, तेव्हा कुठे आम्ही दोघींनी श्वास सोडला.

आईनं तिला उचलून छातीशी धरलं. मी कौतुकानं विचारलं, "सर्पमित्रानं वर्गात सांगितलेलं आठवलं ना, हलायचं नाही म्हणून?"

"नाही जी म्याडम," समीक्षा हुंदके देत म्हणाली, "मी तं पळणारच होती. पण पायच उचलले नाही!"